कँपो ते वॉर्नर स्प्रिंग्ज : पीसीटीचे पहिले १०९ मैल

अमेरिकेच्या पश्चिम अंगाने मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत जाणारी पायवाट म्हणजे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, चालणाऱ्यांच्या तोंडी नुसतं पीसीटी. लांबी २,६५० मैल, म्हणजे सुमारे ४,२६५ किलोमीटर. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन अशी तीन राज्यं. ही अख्खी वाट एकाच हंगामात चालून काढायची, याला थ्रू-हायकिंग म्हणतात. बहुतेक जण एप्रिलच्या आसपास दक्षिणेकडून निघतात आणि वॉशिंग्टनच्या डोंगरांत बर्फ पडायच्या आत उत्तर टोक गाठायला बघतात. लवकर निघालात तर पुढे सिएरा नेवाडातला हिवाळी बर्फ वितळलेला नसतो, उशिरा निघालात तर सुरुवातीच्या कोरड्या मुलखात भाजून निघता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात परमिट. मार्च ते मे या काळात मेक्सिकोच्या हद्दीवरून दिवसाला ५० जणांनाच लांब पल्ल्याचं परमिट मिळतं. ते फुकट असतं, पण आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात आणि नंतर जानेवारीत अशा दोन हप्त्यांत सुटतं, आणि त्या दिवशी संगणकासमोर ठाण मांडून बसावं लागतं. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहू देतात आणि चालायला पाच लागतात, त्यामुळे आपल्यासारख्यांना आजारी पडायलाही फारशी सवड नाही. शिवाय २०२५ च्या जानेवारीपासून कॅनडाने या पायवाटेने आत यायची परवानगी बंद केली आहे. म्हणजे एवढं चालून शेवटच्या खांबाला हात लावायचा आणि ३० मैल उलटं चालत हार्ट्स पास या गाडीरस्त्याच्या खिंडीत यायचं. हे ऐकून माझ्या भावाने फोनवर जे उद्गार काढले ते लिहिण्यासारखे नाहीत.

निघण्याआधी सगळ्यांचे प्रश्न ठरलेले : अस्वलं येतात का, साप असतात का, रात्री भीती नाही का वाटत. या १०९ मैलांत अस्वल दिसलं नाही. रॅटलस्नेक एकदाच दिसला. तो वाटेतून बाजूला होईपर्यंत मी थांबले, विषय संपला. छळलं ते भलत्याच गोष्टींनी.

दिवस पहिला : कँपो ते लेक मोरेना, २० मैल

एल कॅहोनहून ८९४ नंबरची ग्रामीण बस हद्दीजवळच्या कँपो गावाला येते. त्या बसने मी आदल्या दिवशीच येऊन मुक्काम केला होता. पहाटे वाटेच्या दक्षिण टोकाच्या स्मारकापाशी पोचले : कमीजास्त उंचीचे पाच चौकोनी खांब, मागे लगेच सरहद्दीची लोखंडी भिंत. फोटो, वहीत नाव, आणि चालू लागायचं. समारंभ असा काहीच नाही. सॅकमध्ये पाच लिटर पाणी, म्हणजे पाच किलो फक्त पाण्याचेच, कारण पुढच्या २० मैलांत भरवशाचं पाणी नाही.

ही वाट घोड्यांनाही चालता यावी अशी आखलेली आहे, त्यामुळे चढ कुठेही अंगावर येत नाही. सह्याद्रीत आपण नाकासमोर चढून तासाभरात माथा गाठतो, इथे तेवढ्याच उंचीसाठी वाट डोंगराला दहा वळसे घालते. पहिल्या दोन तासांत सगळ्यांनाच वाटतं, हात्तिच्या, हे तर सोपं आहे. मग अकरा वाजतात. छातीएवढी झुडपं आहेत, पण ती सावली देत नाहीत, वारा मात्र अडवतात. या झुडपी रानाला चॅपराल म्हणतात. त्यातलं मँझनिटा तेवढं देखणं, गुळगुळीत तांबड्या खोडाचं.

पंधराव्या मैलाला हाउजर क्रीक लागतो. नकाशावर ओढा, प्रत्यक्षात वाळू आणि ओकची झाडं. पुढे हजारेक फुटांचा चढ आहे आणि नेमका दुपारच्या कडक उन्हात तो पुढ्यात येतो. सावलीत सातआठ जण आडवे पडले होते. त्यांतल्या एका धिप्पाड माणसाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. पाणी त्याच्याकडे भरपूर होतं आणि तो ते सकाळपासून पीतही होता, पण घामातून गेलेलं मीठ भरून काढायला पोटात काहीच गेलं नव्हतं. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं : आधी मळमळ, मग डोकं दुखणं, आणि फारच झालं तर माणूस भ्रमल्यासारखा बोलतो. ओरेगनच्या एका निवृत्त बाईंनी त्याला क्षारांची पुडी पाण्यात कालवून दिली, वर खारे चिप्स चघळायला लावले आणि चार वाजेपर्यंत उठायचं नाही असा दम भरला. या बाई पुढे बऱ्याचदा भेटल्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, चाल संथ, आणि मुक्कामावर मात्र आमच्या आधी हजर.

चारनंतर आम्ही सगळेच उठलो. लेक मोरेनाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जेवायची इच्छा नव्हती. कोरड्या टॉर्टियावर शेंगदाण्याचं लोणी फासून ते गिळलं, तंबू उभा केला आणि मोजे काढले.

दिवस दुसरा : फ्रेड कॅन्यनपर्यंत, १२ मैल

आज पायांबद्दल लिहायचं.

सकाळी डाव्या टाचेच्या कडेला दीड इंचाचा लालसर पट्टा दिसला. फोड अजून धरला नव्हता, नुसतं गरम लागत होतं. लांब पल्ल्याचं सगळं शहाणपण या 'गरम लागतंय' पाशी आहे. आत्ता, या क्षणी, सॅक उतरवून, बूट काढून, मोजा झटकून, त्वचा पुसून कोरडी करून पट्टी मारायची. पुढच्या वळणावर बघू, असं म्हणायचं नाही. पट्टीसुद्धा साधी चालत नाही, घामाने निघून येते. इथे सगळे ल्युकोटेप नावाची चिवट चिकटपट्टी वापरतात. तिचे कोपरे कात्रीने गोल कापायचे, म्हणजे मोज्याला अडकून ती उलगडत नाही. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला धरायचे, दुसरी जोडी चढवायची, ओली सॅकला टांगायची. घरी बसून वाचलं तर हा चोचलेपणा वाटेल. पण एका दिवसाच्या ट्रेकला फोड आला तर माणूस लंगडत घरी जातो आणि चार दिवसांत विसरतो. इथे उद्याही चालायचं असतं, परवाही. फोडाला बरं व्हायला रात्रीपलीकडे वेळच मिळत नाही.

जाड कातडी, घोट्यापर्यंतचे बूट फारसे कुणाच्या पायात दिसत नाहीत. सगळ्यांकडे पळायचे हलके जाळीदार बूट. ते लवकर वाळतात, पण ३०० ते ५०० मैलांत झिजतात, म्हणजे पूर्ण वाटेला पाच ते नऊ जोड लागतात. त्यात रोज चालून पाय सुजतात आणि पसरतातही, म्हणून अर्धा-एक नंबर मोठेच घ्यायचे. बाकी दिवस किरकोळ : बोल्डर ओक्सच्या ओक झाडांत विसावा, महामार्ग क्रमांक ८ च्या पुलाखालून पलीकडे, किचन क्रीकच्या अंगाने चढ.

दिवस तिसरा : माउंट लगूना, १० मैल

झुडपं संपून पाइनची झाडं सुरू झाली आणि हवा पालटली. काल घामाने निथळणारी माणसं आज सगळे कपडे एकावर एक चढवून चालत होती. माउंट लगूना सुमारे ६,००० फुटांवर आहे आणि एप्रिलमध्येही तिथे बर्फ पडू शकतो. 'वाळवंट' हा शब्द ऐकून उबदार कपडे परत पाठवणारे लोक इथे दुकानातल्या शेगडीपाशी घोळका करून उभे होते.

रात्री पाण्याचा फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपले. आतल्या बारीक नळ्यांत पाणी राहिलेलं असतं. ते गोठलं की नळ्या फुटतात. बाहेरून काही कळत नाही, पाणी पूर्वीसारखंच येतं, फक्त गाळलं जात नाही.

दिवस चौथा : तिथेच

वारा असा की तंबूचे खांब वाकले. न चालण्याच्या दिवसाला ट्रेलवर 'झीरो' म्हणतात. दिवसभर लोक एकमेकांच्या सॅक उपसत बसले होते. कुणाकडून खुर्ची निघाली, कुणाकडून तीन पुस्तकं, एकाकडून चक्क लोखंडी तवा. नको असलेल्या वस्तू 'हायकर बॉक्स' मध्ये टाकायच्या आणि ज्याला हव्या त्याने उचलायच्या असा रिवाज आहे. या खोक्यावरून माणसांच्या भीतीचा अंदाज येतो. ज्याला भुकेची भीती तो शिधा दुप्पट आणतो, ज्याला थंडीची तो दोन जाकिटं, ज्याला दुखण्याची तो औषधांचं दुकान. ओट्सच्या तर इतक्या पुड्या होत्या की घोडे पोसता आले असते.

इथेच मला ट्रेलवरचं नाव पडलं. खऱ्या नावाने इथे फारसं कुणी हाक मारत नाही. नाव दुसऱ्याने ठेवायचं असतं आणि आपण ते स्वीकारायचं असतं. मी बाटलीला तोंड न लावता वरून पाणी पिते हे बघून जमाव आधी हसला. मग ओरेगनच्या बाई म्हणाल्या, हिचंच बरोबर आहे. पोट बिघडवणारा नोरोव्हायरस या वाटेवर झपाट्याने पसरतो. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या पट्ट्यात त्याने बऱ्याच हायकरांना आडवं केलं होतं. हाताला चोळायच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही, साबण आणि पाणीच लागतं. म्हणून चिप्सच्या पिशवीत हात घालायचा नाही, पिशवीतून समोरच्याच्या ओंजळीत ओतायचे. माझं नाव 'वॉटरफॉल' पडलं. आणखी वाईट पडू शकलं असतं.

दिवस पाचवा : १७ मैल

वाट कड्याच्या काठाने जाते आणि उजवीकडे खाली अँझा-बोरेगोचं खरंखुरं वाळवंट पसरलेलं दिसतं. दृश्य अप्रतिम आहे आणि मी ते जेमतेम पाहिलं, कारण आज पाळी आली.

प्रवासवर्णनांतून हा विषय असा गायब असतो की जणू चालणाऱ्या बाया वेगळ्याच मातीच्या. तर ऐका. पाणी मोजून आहे, हात धुवायला त्यातलंच काढायचं. कप वापरणाऱ्यांना तो रिकामा करायला सहा ते आठ इंच खोल खड्डा खणावा लागतो, पाण्यापासून २०० फूट लांब. पॅड वापरणाऱ्यांना ती पुरता येत नाहीत. वापरलेले कागददेखील पिशवीत बंद करून पुढच्या गावापर्यंत वाहून न्यायचे असतात. मी त्या पिशवीला बाहेरून चिकटपट्टी गुंडाळली आहे, म्हणजे आतलं दिसत नाही आणि सॅकमध्ये वेगळा कप्पा केला की मनही खात नाही. पोटात कळा येत असताना १७ मैल झाले. झाले म्हणजे कसेबसे झाले. संध्याकाळी सनराइज ट्रेलहेडजवळ घोड्यांसाठीच्या टाकीतलं पाणी गाळून भरलं.

दिवस सहावा : सिझर्स क्रॉसिंग, १८ मैल

दिवसभर उतार. चढणारे दमतात आणि उतरणाऱ्यांचे गुडघे जातात, हे आपल्याला माहीत असतंच, इथे ते सलग अनुभवलं. रॉड्रिगेझच्या टाकीवर पाणी भरून खालच्या उकाड्यात उतरलो आणि ७७ व्या मैलाला डांबरी रस्ता आला. तिथून ज्युलियन गाव १२ मैल. अंगठा दाखवून उभं राहायचं. विसाव्या मिनिटाला एका पिकअपवाल्याने मागे बसवलं. बसताना काचा खाली केल्या, यात त्याचा दोष नाही.

दिवस सातवा : ज्युलियन

१८७० च्या सुमारास सोन्याच्या खाणींमुळे वसलेलं हे गाव आता सफरचंदाच्या पायसाठी प्रसिद्ध आहे. एका दुकानात पीसीटीचं परमिट दाखवलं की पायचा तुकडा फुकट मिळतो. तो खाल्ला. अंघोळ केली. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं गेलं.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती या गावांची. ट्रेलवर असताना कुणी सहसा सोडून जात नाही, कारण सोडायलाही चालतच जावं लागतं. सोडणं होतं ते गावात, दुसऱ्या दिवशी सकाळी, गादीवर. कँपोहून सगळ्यांत जोरात निघालेला जर्मन तरुण आज परत गेला. पहिल्या दोन दिवसांत त्याने आमच्या दुप्पट अंतर तोडलं होतं आणि आता नडगीच्या हाडावर बोट ठेवलं तरी तोंड वाकडं होत होतं. फुप्फुसं आणि स्नायू त्यामानाने लवकर जुळवून घेतात, पण हाडं आणि कंडरा सावकाश घेतात. दमात आलेला तरुण नेमका याच फटीत अडकतो. त्याचं मला वाईट वाटलं, पण कारण समजलं. दुसऱ्याचं समजायला वेळ लागला. तो टेक्सासचा, चाळिशीचा, पाय ठणठणीत, सामान उत्तम. नाश्त्याला आला आणि म्हणाला, मी जातोय. काय झालं, तर काहीच नाही. रोज उठायचं, चालायचं, पाणी शोधायचं, झोपायचं, आणि हे पाच महिने. ते आपल्याला आवडत नाही हे त्याला कळलं होतं. कुणीही त्याला थांबवलं नाही. थांबवू नयेच. सुट्टी घालवून आवडत नसलेलं काम करायला माणसाला दुसरे मार्ग आहेत.

पैसा इथेच गळतो. ट्रेलवर खर्च जवळपास नाही, पण मोटेलची एक रात्र म्हणजे जवळजवळ आठवड्याचा शिधा. खोलीत चौघं झोपलो, दोन खाली. बाईंनी खाट नाकारली. म्हणाल्या, गादीची सवय मोडायला मला पाच रात्री लागल्या, आता परत नको. दुपारी दुकानातून दोन दिवसांचा शिधा घेतला : रामेन, बटाट्याची झटपट पूड, टॉर्टिया, चॉकलेट. दिवसाला चार-पाच हजार कॅलरी जळत असतील. तेवढ्या पाठीवर वाहता येत नाहीत, म्हणून वजन उतरतं. गंमत अशी की भूक अजून लागलेली नाही. ती तिसऱ्या आठवड्यात येते आणि मग जात नाही, असं सगळे सांगतात.

दिवस आठवा : थर्ड गेटपर्यंत, १४ मैल

सिझर्स क्रॉसिंगपासून बॅरल स्प्रिंगपर्यंत २४ मैल नैसर्गिक पाणी नाही. मध्ये ९१ व्या मैलाला स्वयंसेवक पाण्याचा साठा ठेवतात, वाहून आणतात, मोजून ठेवतात. पण तो असेलच असं धरून निघायचं नाही. माझ्यामागून येणाऱ्या एकाने दोनच लिटर घेतले होते, वर साठा आहे ना म्हणून. आहे, होता, पण तिथे पोचणारे ५० जण असेच म्हणाले तर?

पहाटे चारला हेडटॉर्चवर निघालो. सॅन फेलिपे टेकड्यांची वाट प्रत्येक घळीत आत शिरते आणि परत बाहेर येते. समोर हाकेच्या अंतरावर दिसणारा माणूस चालीने अर्धा तास पुढे असतो. बॅरल कॅक्टसना पिवळी फुलं आली होती, ओकोटिल्योच्या काठ्यांच्या टोकांना लाल तुरे. चोया नावाच्या निवडुंगापासून मात्र चार हात लांब. त्याचा गड्डा नुसत्या स्पर्शाने कपड्याला येऊन चिकटतो आणि बोटाने काढायला गेलं की बोटाला. बाई तो कंगव्याने उडवतात. त्यांच्या सॅकमध्ये केसांसाठी नाही, यासाठी कंगवा आहे.

रात्री तंबू लावलाच नाही, जमिनीवर मॅट टाकून झोपले.

दिवस नववा : वॉर्नर स्प्रिंग्ज, १८ मैल

बॅरल स्प्रिंगला झाडाखाली वाहतं गार पाणी होतं. तिथे तासभर कुणी कुणाशी बोललं नाही. मग गवताळ माळ, गाई, आणि १०६ व्या मैलाला ईगल रॉक : पंख पसरून बसलेल्या गरुडासारखा खडकांचा ढीग. ट्रेलच्या बाजूने काही कळत नाही, वळसा घालून मागून पाहावं लागतं.

वॉर्नर स्प्रिंग्जच्या समाजकेंद्रात हंगामात हायकरांची सोय होते. बादलीभर पाणी मिळालं, त्यात आधी मी पाय बुडवले, मग मोजे. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, ते जाणार. टाचेची पट्टी तशीच घट्ट आहे. बूट घालून पाहिले तर अंगठा टोकाला लागतोय, म्हणजे पाय खरोखरच पसरलेत. एक नंबर मोठी जोडी मागवली आहे, ती आयडिलवाइल्डच्या पोस्टात येईल. ते इथून ७० मैलांवर आहे. तोवर आतले तळ काढून टाकून चालणार आहे. पुढच्या डांबरी रस्त्यावरच्या कॅफेपर्यंत ४२ मैल, त्यात भरवशाचं पाणी कुठे कुठे ते बाईंनी कागदावर लिहून दिलंय. त्या पहाटे तीनला निघणार आहेत. मी चारला.